हिरव्या गावातली नोंद

तुम्ही खोटं छापलंत. पठारावर बटाट्याचा भुंगेरा एका बाईनं आणला, असं तुमच्या खात्याच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे. त्या बाईचं नाव आहे, सासर आहे, माहेर आहे, भावाचं नाव आहे. तुमचं नाव मात्र कुठंच नाही. खाली सही आहे, तीसुद्धा अशी की तिच्यातून माणूस ओळखू येऊ नये.

मी त्या बाईच्या बांधाला बांध असलेला शेतकरी, थुगावचा. जे झालं ते मी पाहिलंय आणि त्यात मीही होतो. तुम्हाला मनसोक्त शिव्या घालाव्यात असं फार वाटतं, पण घालायला बसलो की त्यातल्या अर्ध्या माझ्याच अंगावर येतात. म्हणून नुसतं सांगतो.

आधी किड्याचं. शहरातल्या माणसाला वाटेल, टोळधाडीसारखं आभाळ काळं करत काही आलं असेल. तसलं काही नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान, पिवळा, पाठीवर काळ्या रेघा. खरं सांगायचं तर देखणा. परदेशातून आला. कुठल्या बंदरातून, यावर तुमच्या दोन खात्यांचं अजून भांडण चालू आहे. आमच्याकडं त्याला पट्टेवाला म्हणतात. "पट्टेवाला दिसला म्हणजे साहेब मागनं येतोच," असं आमचे नवनाथ सरपंच म्हणायचे आणि टपरीवर हशा व्हायचा. तेव्हा आम्हाला हसायला येत होतं.

मादी बटाट्याच्या पानाखाली शेंदरी अंड्यांचा झुबका चिकटवते. अळ्या निघाल्या की पान, देठ, शेंडा, काही ठेवत नाहीत. वावरात नुसत्या काड्या उभ्या राहतात. मग अळी मातीत शिरते आणि भुंगेरा होऊन वर येते. ऊन फार झालं, थंडी फार झाली, खायला नसलं की तो पुन्हा मातीत जाऊन झोपतो, महिनोन्महिने. औषध मारलं तर दोन-तीन हंगामांत त्याला ते पचायला लागतं. त्याची एकच गोष्ट लंगडी आहे. तो स्वतःच्या पंखांवर फार लांब जात नाही. लांबचा प्रवास तो माणसाच्या जिवावर करतो. बेण्याला चिकटलेल्या ढेकळात, गोणीच्या शिवणीत, टायरच्या खाचेत.

तुमचं यंत्र याच गोष्टीवर उभं होतं. नाव ठेवलंत 'अदमास'. नाव चांगलं होतं, कारण त्या शब्दात चुकायला जागा आहे. तुम्ही ती ठेवली नाहीत, ते वेगळं.

अदमास दोन गणितं करायचा. पहिलं उबेचं. किड्याची वाढ कॅलेंडरवर चालत नाही, उबेवर चालते. रोजची ऊब मोजून बेरीज करत गेलं की अंडी कधी फुटणार, अळी मातीत कधी जाणार, हे आधीच सांगता येतं. दुसरं गणित माणसांचं. मोबाईलच्या टॉवरांवरून कळतं की कुठल्या गावातून कुठल्या गावात किती गाड्या जातात. पाटातून पाणी वाहतं तशी माणसं गावागावांतून वाहतात असं धरायचं, त्या पाण्यात किडा सोडायचा आणि तो कुठं जाऊन लागतो ते बघायचं. हा खेळ यंत्र लाखो वेळा खेळायचं. किडा ज्या गावात पुन्हा पुन्हा जाऊन लागतो ते गाव लाल, कधीमधी लागतो ते केशरी, लागतच नाही ते हिरवं. दर सोमवारी नवा नकाशा सगळ्यांच्या मोबाईलवर.

पहिल्या वर्षी घाटाखालच्या तालुक्यांत अदमास असा काही बरोबर आला की लोक त्याच्या पाया पडायचे बाकी राहिले. पण एक गोष्ट तुमच्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली नाही, किंवा आली आणि ते गप्प बसले. पावसाचा अंदाज ढग वाचत नाहीत. उद्या पाऊस आहे असं सांगितलं म्हणून ढग वाट बदलत नाही. तुमचा नकाशा मात्र तेच लोक वाचत होते ज्यांच्या गोणीतून किडा जायचा होता. आपलं गाव लाल झालंय हे कळल्यावर माणूस कालच्यासारखा वाहत नाही. तो जे जवळ आहे ते उचलतो आणि जिथं हिरवं दिसतं तिकडं लपवायला नेतो.

अक्षदाला हे माहीत होतं का? मला वाटतं, होतं. पण ती तुमची माणूस होती आणि कुणाची तरी बहीणही होती.

अक्षदा म्हणजे तुमच्या अहवालातली ती बाई, मयूर टाव्हरेची बायको. गावात तिला पाहणीताई म्हणायचे, कारण तुम्हीच तिला तालुक्याला नेऊन शिकवलंत. पांढरं फडकं झाडाखाली धरायचं, झाड हलवायचं, पडेल त्याचा फोटो काढून अदमासला पाठवायचा. ढेकूळ फोडून आत कोष आहे का बघायचं. माणूस खमकी. मी बाहेरगावाहून आलो की बांधावरूनच हाक, "भाऊजी, बूट झटका आधी. पट्टेवाल्याला फुकट गाडीभाडं देऊ नका." माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोर मला बूट झटकायला लावते, म्हणून माझी बायको महिनाभर हसत होती.

तिचं माहेर कुरणवाडी. आमच्या गावातून दरीपलीकडं तिथले पत्रे चमकताना दिसतात.

गेल्या माघात कुरणवाडी लाल झाली. किडा तिथं कुणी पाहिला नव्हता. गणितानं पाहिला होता. नियम असा की लाल गावातलं बेणं बाहेर न्यायचं नाही, आणि आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की तिथला एकूण एक बटाटा पथक येऊन चुन्यात पुरणार, बेण्यासकट. आता बेणं म्हणजे काय ते तुम्हाला समजायला हवं होतं. पठारावर आम्ही लालसाल लावतो. बाहेरून विकत आणायचा बटाटा नाही हा. आमच्या आज्या-पणज्यांनी राखलेला, दुसऱ्या कुठं मिळत नाही. बेणं अरणीत ठेवतो. अरण म्हणजे झाडाच्या गार सावलीत लावलेला बटाट्याचा ढीग, वर पाचट आणि कडुलिंबाचा पाला. घरात दुधाच्या भांड्याला जेवढं जपत नाही तेवढं अरणीला जपतात. एका हंगामाचं बेणं चुन्यात गेलं की ते घर लालसालीतून उठलं.

कुरणवाडी लाल झाली आणि आम्ही कसे वागलो ते सांगायला जीभ अडते. दुधाची गाडी त्या गावाला वळसा घालून जायला लागली. तिथल्या एका पोरीची आमच्या गावात सुपारी फुटली होती, ते लग्न "बघू पुढच्या साली" वर गेलं. कुरणवाडीचा माणूस टपरीवर आला की त्याला खुर्ची बाहेर, रस्त्यावर. चहा कागदी कपात. कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप झालं. आम्ही हिरवे होतो, आणि हिरव्या माणसाला काही न करताच तोरा येतो. तुमच्या रंगानं आम्हाला एवढं शिकवलं, बाकीचं आमच्या अंगात होतंच.

मग आखिती आली.

पठारावर आखितीला भाऊ बहिणीकडं पाटी, म्हणजे भरलेली टोपली, घेऊन येतो. पाटीत चोळीचा खण आणि वर झाकलेलं बेणं. माहेरचं बेणं सासरच्या वावरात पडलं की दोन्ही घरं एका मातीची होतात, असं म्हणतात. या पाटीचा एक कायदा आहे. ती झाकलेली घ्यायची आणि झाकलेलीच नेऊन अरणीत रिती करायची. बहिणीनं हात घालून निवडायचं नाही, उलटंपालटं करायचं नाही. तसं केलं तर भावानं सडकं आणलं असा त्याचा अर्थ होतो, आणि असली पाटी परत गेली तर दोन पिढ्या बोलणं बंद राहिल्याची उदाहरणं आहेत.

आदेश, म्हणजे अक्षदाचा भाऊ, पाटी घेऊन आला. पाटीच्या मागं बॅटरीवरचा टेम्पो होता आणि टेम्पोत गोण्या होत्या. मी तेव्हा त्यांच्या दारात होतो, मयूरबरोबर पंप दुरुस्त करत. सगळ्यांना सगळं कळलं. अक्षदाची सासू मंदाबाईनं पाणी आणलं. अक्षदा उंबऱ्यात उभी राहिली.

"दादा, कुरणवाडी लाल हाय," ती हळू म्हणाली.

"लाल मोबाईलमधी हाय. गावात कुणी एक पट्टेवाला बघितलाय का, सांग की. यंत्राला सपान पडलं म्हणून आबांच्या हातचं बेणं चुन्यात घालू?" आदेश रागानं बोलत नव्हता. त्याचा आवाज चिरकत होता. "एवढा हंगाम तुझ्या अरणीत राहू दे. पुढच्या साली आमचं आम्ही घेऊन जाऊ."

तिच्या खुंटीला ते पांढरं फडकं लटकत होतं. ढेकूळ फोडून बघायला तिला कितीसा वेळ लागला असता? पण ती पाटी होती. तिनं मयूरकडं पाहिलं, त्यानं पंपाकडं पाहिलं. मंदाबाई म्हणाली, दारात आलेली भावाची पाटी कुणी उभी ठेवत नाही, आत घे. अक्षदानं पाटी झाकलेली घेतली आणि झाकलेलीच रिती केली. गोण्याही तशाच. गोण्या उतरवायला मी हात लावला.

ज्या पोरीनं अख्ख्या गावाला ढेकूळ फोडायला शिकवलं तिनं स्वतःच्या अरणीतलं ढेकूळ फोडलं नाही. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. पाटीची रीत नसलेल्या पंजाबातल्या शेतकऱ्यानं केली नसती, तुम्ही केली नसती. ती आमचीच चूक होती, आमच्या रीतीत बसणारी.

लावण झाली. आषाढात लालसाल गुडघ्याला आली, पानं अशी की बघत राहावं. एका सकाळी अक्षदानं मला बांधावर बोलावलं. एक पान उलटं करून धरलं. खाली शेंदरी झुबका होता.

मी म्हणालो, कसलीतरी दुसरीच अंडी असतील. तिनं ते पान माझ्या हातात दिलं. मग म्हणाली की कोपऱ्यातल्या एकाच तुकड्यात आहेत, आत्ता तो तुकडा मातीसकट जाळला तर पठार वाचेल. अळ्या मातीत उतरल्या की संपलं. उबेचं गणित तिला तोंडपाठ होतं, वेळ थोडा होता.

घरी तिचं आणि मयूरचं वाजलं. भिंतीला भिंत असल्यानं ऐकू येतंच. त्याचं म्हणणं, पानं तोडून चुलीत घाल आणि गप बस. नोंद पाठवलीस तर आदेशवर गुन्हा, गाव लाल, सगळ्यांचं बेणं चुन्यात, आणि आपल्याला पाणीसुद्धा कुणी देणार नाही. त्याचं खोटं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच की आता गप्प बसलं तर गावच काय, पठारच राहणार नाही. मयूर म्हणाला, "भावापरीस यंत्र जवळचं झालं व्हय तुला?" त्यावर ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. दुपारी तिनं नोंद पाठवली.

आता नीट वाचा, कारण हे तुमच्या अहवालात नाही. अदमासचं उत्तर लगेच आलं. मला तिनं दाखवलं. 'हिरव्या क्षेत्रातील नोंद. संभाव्यता नगण्य. दुसऱ्या शेतातून, दुसऱ्या व्यक्तीकडून पुष्टी आवश्यक.' म्हणजे काय, तर यंत्रानं गाव हिरवं ठरवलंय, म्हणून किडा नाही. आणि किडा नाही, म्हणून गाव हिरवं. तिनं जवळून फोटो काढले, पुन्हा पाठवले. पुन्हा तेच. मग तिनं तुमच्या मदत क्रमांकावर फोन लावला. माझ्यासमोर लावला, आवाज मोठा ठेवून. एक गोड बोलणारा माणूस होता. त्यानं सांगितलं की दिसायला सारखे बरेच किडे असतात. तेव्हा अक्षदानं डोळे मिटले आणि सांगून टाकलं. माझ्या सख्ख्या भावानं कुरणवाडीहून बेणं आणलं, ते मी लावलं, त्यातून हे आलंय. स्वतःच्या तोंडानं भावाचं नाव घेतलं.

तुमचा माणूस काय म्हणाला माहीत आहे? "ताई, लाल गावातून बियाणं नेण्यावर बंदी आहे. त्यामुळे तशी वाहतूक प्रणालीत गृहीत धरता येत नाही."

तिनं फोन ठेवला. मग माझ्याकडं वळली.

"भाऊजी, तुमच्या वावरात बघू द्या. तुमच्याकडं निघालं तर दुसरी नोंद होईल. मग त्यांना मानावंच लागंल."

मी म्हणालो, "माझ्याकडं काय नाय. आन् तूही जास्त ताणू नको. गावाचा घात करशील."

ती माझ्या हातांकडं बघत होती. अंडी चिरडली की बोटं शेंदरी होतात, साबणानंही लवकर जात नाहीत. मी सकाळपासून चिरडत होतो. कारण माझा मेव्हणाही लाल गावचा आहे आणि आखितीला माझ्याही दारात झाकलेली पाटी आली होती, पाटीमागं गोण्या होत्या.

"बरं, भाऊजी," ती म्हणाली आणि गेली.

तिनं मला खोटारडा म्हणायला पाहिजे होतं. तिनं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात माणूस स्वतःला खरा वाटतो. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस ती घरोघर फिरली. कुणी म्हणालं वावरात चिखल आहे, कुणी म्हणालं देवाचं करायचंय, आज बाईमाणूस वावरात नको. सरपंचांनी तिला चहा पाजला आणि पट्टेवाल्याचा तोच विनोद पुन्हा सांगितला. ती हसली नाही म्हणून त्यांना राग आला. आपल्या कोपऱ्यातला तुकडा तिनं एकटीनं जाळला, मंदाबाईनं पाचट आणून दिलं. पण बाकीच्या वावरांतून ऊब आपलं काम करत होती. अळ्या मातीत उतरल्या.

भाद्रपदात पठारावर काड्या उभ्या होत्या. थुगाव, त्याच्या पलीकडचं, त्याच्याही पलीकडचं. तुमच्या ड्रोनला वरून जमीन उघडी दिसली तेव्हा कुठं अदमासनं नकाशा बदलला. एका सोमवारी सगळं पठार एकदम लाल.

मग तुम्ही ग्रामसभा घेतलीत. देवळाच्या मंडपात पडदा लावला. तुमचा अधिकारी तरुण होता, मऊ बोलणारा. त्यानं सांगितलं की अदमासचे बहुतेक अंदाज बरोबर ठरले आहेत, कुरणवाडीत मातीखाली भुंगेरा खरोखर सापडला, थुगाव हा अपवाद, आणि अपवादाचं कारण मानवी निष्काळजीपणा. शाळेच्या गुरुजींनी विचारलं, आखितीला इतके टेम्पो दरी ओलांडून आले, ते टॉवरांना दिसले नाहीत का? अधिकारी म्हणाला, दिसले ना. पण त्या दिवशी दरवर्षीच वर्दळ असते, म्हणून यंत्र ती सणाची वर्दळ समजून वजा करतं. हे त्यानं कौतुकानं सांगितलं, हुशार पोराचं सांगावं तसं.

मग त्यानं अक्षदाला पुढं बोलावलं. ती उभी राहिली. सगळं कबूल केलं. पाटी, गोण्या, भाऊ. नोंदींचंही बोलली, तेव्हा तो म्हणाला की तो वेगळा विषय आहे. नंतर त्यानं सभेकडं पाहून विचारलं, आणखी कुणाकडं लाल गावचं बियाणं आलं होतं का? असेल तर आत्ताच सांगा.

मंडपात कुणी हललं नाही. माझ्या शेजारी सरपंच होते, त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी माझी बोटं मांडीखाली घेतली. त्यांच्यावर आता काही रंग नव्हता तरी घेतली.

अक्षदानं मागं वळून पाहिलं नाही. आमच्यापैकी कोणाच्या वावरात काय आहे हे तिला ठाऊक होतं. बांधावरून तिला दिसत होतं. तिनं एकही नाव घेतलं नाही.

मंदाबाई बायकांच्या रांगेतून उठली. सुनेशी तिचं एरवी फारसं पटायचं नाही, हे गावाला माहीत आहे. पुढं जाऊन ती सुनेच्या शेजारी उभी राहिली आणि आमच्याकडं तोंड करून म्हणाली, "माझ्या घरात किडा माझ्या सुनंच्या भावानं आणला. बरं. तुमच्या घरात कुणी आणला? वाऱ्यानं?"

अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं.

तुम्ही अक्षदाला कामावरून काढलंत. आदेशवर गुन्हा दाखल झाला. तो बहिणीशी बोलत नाही, आपलं नाव तिनंच सांगितलं म्हणून. मयूर घरात असतो पण जेवायला तिच्याबरोबर बसत नाही. टपरीवरची बाहेरची खुर्ची आता तिच्यासाठी आहे, म्हणजे ती कधी आली तर. ती येत नाही. पठारावरची लालसाल चुन्यात गेली, सगळी. कुरणवाडीला आम्ही जे केलं ते आता खालचे तालुके आम्हाला करतात, आणि आमच्यातले काही याला अन्याय म्हणतात. म्हणताना लाज वाटत नाही त्यांना. मला वाटते. चूळ भरताना वाटते, बायकोनं पोळी वाढली की वाटते, वावरात वाकून काही उचलताना वाटते.

एकदा बांधावर गाठून मी अक्षदाला विचारलं की आमची नावं का नाही घेतलीस? ती ढेकळं फोडत होती. वावरात पीक नव्हतं, पाहणीचं काम नव्हतं, तरी फोडत होती.

"मला दुसरी नोंद पाहिजे होती, भाऊजी," ती म्हणाली. "दुसरा गुन्हेगार घेऊन काय करू?"

त्यानंतर मला गप्प बसवेना. मागच्या महिन्यात एका सोमवारी सरपंचांना ग्रामसभा घ्यायला लावली. आधी मी उभा राहिलो. मेव्हण्याचं नाव, गाव, किती गोण्या, अंडी कुठं चिरडली, अक्षदाला काय म्हणालो, सगळं सांगितलं. मला वाटलं, मी एकटाच मरणार. मग माझ्या मागून दूधवाला उठला. मग गुरुजी, ज्यांनी तुम्हाला टेम्पोंचं विचारलं होतं, तेही उठले. त्यांच्याकडंही गोण्या आल्या होत्या. शेवटी सरपंच उठले. त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही. मयूरनं सभेत सगळ्यांसमोर खाली मान घालून बायकोचं नाव घेतलं, तिचं खरं होतं एवढंच म्हणाला. अक्षदा मागं भिंतीला टेकून बसली होती. तिनं आम्हाला माफ केलं असं काही झालं नाही. ती ऐकत होती, एवढंच.

आमचे जबाब तुम्हाला पोचले आहेत. तुमचं उत्तरही आलं. अहवाल अंतिम आहे म्हणे. आणि अदमासची नवी आवृत्ती येते आहे, तीत प्रत्येक घरानं सुनांची माहेरं भरून द्यायची, म्हणजे पुढच्या वेळी किडा कुठल्या बहिणीकडं जाणार ते यंत्राला आधी कळेल. तुम्ही आमच्या चुकीतून एवढंच शिकलात. बहिणींवर पाळत ठेवायची.

आम्ही आमचं सांगितलं, उशिरा का होईना. आता तुमचं सांगा. ती पहिली नोंद आली तेव्हा किडा अजून अंड्यात होता. ती कोणी नाकारली? माणसानं नाकारली असेल तर त्याचं नाव सांगा. यंत्रानं नाकारली असेल तर वावरात उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं खोटं ठरवायचा हक्क त्याला कोणी दिला, त्याचं नाव सांगा. आणि फोनवर तिनं स्वतःच्या भावाचं नाव सांगितलं, ते ऐकून घेतल्यावर तुमच्या कचेरीत त्याचं काय केलं गेलं, तेही सांगा. येत्या सोमवारी आम्ही सगळे मंडपात बसणार आहोत, अक्षदासुद्धा. कागद पाठवू नका. आम्ही उभे राहिलो तसे तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, कोणी नाकारली?